रात्रपाळीनंतर स्वतःलाच वरून पाहिलं, हे काय असतं?

नाशिकला सातपूर एमआयडीसीत रात्रपाळी करतो. परवा सकाळी सिडकोतल्या खोलीवर येऊन आडवा झालो. डोळा लागतोय तोच अंग जड पडलं, हलता येईना. मग मी पंख्यापाशी, आणि खाली चटईवरही मीच! उशाशी डबा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. आई म्हणते, काळारामाला जाऊन ये. जाईनच, पण हे होतं कशानं?

उत्तर १: घाबरू नका. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू ढिले ठेवतो. त्यातच जाग आली की हलता येत नाही, भासही होतात. पाळ्या बदलून झोप मोडली की हे जास्त.

उत्तर २: दृष्टी, स्पर्श आणि तोल यांची माहिती कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत जुळते. ती जुळणी फिसकटली की ‘मी’ शरीराबाहेर वाटतो. २००२ मध्ये जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या चमूने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजवीकडे तिथे सौम्य वीज दिली. तिला आपण छताजवळ तरंगतोय असं वाटलं, खाली फक्त स्वतःचे पाय आणि कमरेचा भाग दिसला.

प्रश्नकर्ता: तोल म्हणालात म्हणून विचारतो, चार दिवस उठताना गरगरतंय.

उत्तर २: तोल आतल्या कानावरही असतो, मग आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली किंवा झटका आला, तर थेट न्यूरॉलॉजिस्ट.