मदत हवी आहे: तीन फेजचे घर, ७.५ केव्हीएचा जनरेटर आणि आईचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

नमस्कार. दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण दोन किलोमीटरवर आमचे घर आहे. आई ७८ वर्षांची असून फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे डॉक्टरांनी तिला दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन द्यायला सांगितले आहे. त्यासाठी पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) रात्रभर मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहावर चालतो आणि सुमारे ३५० वॅट वीज घेतो. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घरी आई आणि रात्री सोबतीला येणाऱ्या एक ताई असतात. जनरेटरची शेड परसात आहे, आणि पावसाळ्यात अपरात्री तिथे जाऊन चेंजओव्हरचा (घर वाहिनीवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचचा) दांडा फिरवण्याची अपेक्षा त्या ताईंकडून करणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे या व्यवस्थेत जे काही करायचे ते यंत्राने आपणहून केले पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या भागातले विजेचे खांब ओळीने आडवे झाले आणि आमच्या वाडीत वीज परत यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर आम्ही ७.५ केव्हीएचा, सिंगल फेजचा, एअर-कूल्ड डिझेल जनरेटर घेतला. सुरुवातीला साधा हाताचा चेंजओव्हर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जागी ६३ अँपिअरचे चार पोलचे (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम बदलणारे) स्वयंचलित चेंजओव्हर आणि इंजिन आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनेल बसवून घेतले. घराचा मीटर तीन फेजचा आहे, पण जनरेटर एकाच फेजचा असल्यामुळे इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हरच्या जनरेटरकडील बाजूला लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज एकमेकांना जोडून घेतले आहेत. वीज गेली की दहा-बारा सेकंदांत इंजिन सुरू होते आणि सगळे घर जनरेटरवर जाते. मधले सेकंद आईच्या खोलीपुरता १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीवर चालणारा साइनवेव्ह इन्व्हर्टर सांभाळतो.

गेल्या जुलैमधील एका रात्री साडेअकराच्या सुमारास फक्त पिवळा फेज गेला. आईची खोली पिवळ्या फेजवर आहे. पॅनेल मात्र केवळ लाल फेजचे व्होल्टेज पाहत होते. लाल फेज व्यवस्थित असल्याने पॅनेलच्या दृष्टीने वीज गेलेलीच नव्हती, त्यामुळे जनरेटर सुरू झाला नाही. स्वयंपाकघर आणि ओसरीवरचे दिवे चालू होते, आईच्या खोलीतला पंखा आणि कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालले होते, त्यामुळे ताईंनाही काही वेगळे घडले आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. सव्वादोन वाजता बॅटरी संपली आणि कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजला. ताईंनी मला फोन केला, मी शेजाऱ्यांना उठवले, त्यांनी येऊन जनरेटर हाताने सुरू केला आणि चेंजओव्हर फिरवला. या सगळ्यात पंचवीस मिनिटे गेली. त्या पंचवीस मिनिटांत आईची अवस्था काय झाली असेल हे मला इथे लिहवत नाही. ती बरी आहे, पण असे पुन्हा होऊ नये म्हणूनच हा धागा काढत आहे.

दुसरी अडचण भाराची आहे. ७.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ६ किलोवॅट, आणि २३० व्होल्टला सुमारे ३२ अँपिअर. घरात दीड अश्वशक्तीचा विहिरीचा सिंगल फेज पंप, आईच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, दोन किलोवॅटचा गिझर, फ्रिज, दिवे-पंखे आणि इन्व्हर्टरच्या चार्जिंगचा भार आहे. हे सगळे एकदम चालले तर बेरीज साडेसहा किलोवॅटच्या पुढे जाते. एरवी ते एकदम चालत नाही. परंतु वीज गेली त्या क्षणी गिझर आणि एसी चालू असतील आणि त्यातच पाण्याच्या टाकीचा फ्लोट स्विच पंप लावत असेल, तर इंजिन अक्षरशः दबते, दिवे पिवळे पडतात आणि कॉन्सन्ट्रेटर कमी व्होल्टेजचा अलार्म देतो. विक्रेता म्हणतो की १५ केव्हीएचा तीन फेजचा जनरेटर घ्या. इलेक्ट्रिशियन म्हणतो की पंप जनरेटरवरून काढून टाका. पंप काढला तर लांबलेल्या खंडाच्या वेळी पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो.

माझे प्रश्न असे आहेत. एक फेज गेला तरी जनरेटर निश्चितपणे सुरू व्हावा यासाठी नेमके काय बसवावे? आहे त्याच जनरेटरवर भाराचे नियोजन करून भागेल की मोठे यंत्र घेणेच शहाणपणाचे आहे? आणि यंदा दिवाळीनंतर छतावर ३ किलोवॅटचे ऑन-ग्रिड (महावितरणच्या वाहिनीला जोडून चालणारे) सौर पॅनेल बसवण्याचा विचार आहे. ते या चेंजओव्हरच्या कोणत्या बाजूला जोडावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

तांत्रिक उत्तर जाणकार देतीलच, पण त्याआधी एक काम आजच करा. घरी ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर, रेग्युलेटर आणि वेगळी नळी तयार ठेवा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे दोन लिटरच्या प्रवाहाला जवळपास साडेबारा तास मिळतात. तो कसा सुरू करायचा हे ताईंकडून दोन-तीन वेळा प्रत्यक्ष करून घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्याकडे जनरेटर नव्हता, पण या सिलिंडरमुळे रात्री झोप लागत असे. ज्या घरात रुग्ण आहे तिथे कोणत्याही एका यंत्रावर सगळे सोपवू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

मी पॅनेल बनवण्याच्या व्यवसायात आहे. आपल्या वर्णनावरून जनरेटर लहान आहे असे मला वाटत नाही. जोडणी अपुरी आहे, एवढेच. १५ केव्हीएचे यंत्र घेतले तर रात्रीच्या एरवीच्या अर्ध्या-एक किलोवॅटच्या भारावर ते जवळजवळ रिकामे चालेल. डिझेल इंजिन सतत तीस टक्क्यांपेक्षा कमी भारावर चालवले की ज्वलन नीट होत नाही, काजळी आणि न जळलेले इंधन सायलेन्सरपर्यंत साचते आणि यंत्राचे आयुष्य घटते. त्यामुळे मोठे यंत्र हा उपाय आपल्या घराला उलट बाधेल.

पहिले काम फेजचे. पॅनेलची जाणीव एका फेजवरून काढून तीन फेजच्या व्होल्टेज मॉनिटरिंग रिलेवर (व्होल्टेजवर नजर ठेवून पॅनेलला इशारा देणाऱ्या उपकरणावर) आणा. त्यात कमी व्होल्टेज, जास्त व्होल्टेज आणि फेज तुटणे या तिन्ही गोष्टी पाहिल्या गेल्या पाहिजेत. जास्त व्होल्टेजचा भाग विसरू नका, कारण वादळानंतर कधीकधी महावितरणच्या वाहिनीचा न्यूट्रल तुटतो आणि मग कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे व्होल्टदेखील येऊ शकतात. रिलेच्या तारा चेंजओव्हरच्या मीटरकडील बाजूला घ्यायच्या, घराकडील बाजूला कधीही नाही. नाहीतर जनरेटर सुरू होताच रिलेला वाटेल की वीज आली आणि इंजिन चालू-बंद होत राहील. जास्त व्होल्टेज सोडून बाकीच्या बाबतीत रिलेला दोन-तीन मिनिटांचा विलंब द्या, म्हणजे क्षणिक झटक्यांनी इंजिन उगाच सुरू होणार नाही. तेवढा वेळ आपला इन्व्हर्टर सहज काढतो. याशिवाय आईच्या खोलीच्या फीडरवर ऑटो फेज सिलेक्टर बसवा. पिवळा गेला तर तो एक-दोन सेकंदांत दुसऱ्या जिवंत फेजवर जातो, आणि जुलैच्या रात्री एवढ्यानेच सगळे टळले असते.

आता न्यूट्रल. याविषयी कोणी सहसा बोलत नाही, पण मला आपल्या जोडणीत सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. तीन फेजच्या पुरवठ्यात तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात. तिन्ही फेज एकाच जनरेटरवर जोडले की हा छेद संपतो आणि तिघांची बेरीज न्यूट्रलमधून वाहते, म्हणजे पूर्ण ३२ अँपिअर. चेंजओव्हरपासून डीबीपर्यंतची (घरातल्या वितरण पेटीपर्यंतची) न्यूट्रलची तार जर चार चौरस मिलिमीटरची असेल तर ती तापत असणार. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाका आणि न्यूट्रल लिंकचे सगळे स्क्रू घट्ट करून घ्या. कोकणच्या खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि सांधा सैल नसतानाही गरम होतो. चार पोलचे चेंजओव्हर घेतले हे अगदी योग्य झाले, कारण त्यामुळे जनरेटरचा न्यूट्रल वाहिनीच्या न्यूट्रलपासून पूर्ण तुटतो. जनरेटरची वीज उलट वाहिनीत शिरली तर ट्रान्सफॉर्मर उलट बाजूने तीच ११,००० व्होल्टपर्यंत चढवतो, आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्याने जाऊ शकतो. म्हणून चेंजओव्हरच्या दोन्ही कॉन्टॅक्टरमध्ये (विजेच्या कॉइलने चालणाऱ्या स्विचमध्ये) यांत्रिक इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम लागू न देणारी अडसर, आहे ना, हे स्वतः पाहून घ्या. केवळ विद्युत इंटरलॉकवर भागवू नये.

भाराचे नियोजन फारसे खर्चिक नाही. गिझरच्या सर्किटवर एक कॉन्टॅक्टर बसवा आणि त्याची कॉइल जनरेटरच्या बाजूच्या कॉन्टॅक्टरच्या एनसी (एरवी जोडलेल्या, जनरेटरवर गेल्यावर उघडणाऱ्या) सहायक कॉन्टॅक्टमधून न्या, म्हणजे जनरेटरवर असताना गिझर लागणारच नाही. पंपाला दोन मिनिटांचा ऑन-डिले टायमर द्या, आणि पंप चालू असताना एसीचा कॉन्टॅक्टर सुटेल अशी जोडणी करा. विहिरीचा पंप सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढतो. त्या एक-दोन सेकंदांसाठीच आपल्याला जागा करून द्यायची आहे. टाकी भरायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ आईंची खोली पंख्यावर राहील. हे मान्य नसेल तर पंपाचा फ्लोट स्विच जनरेटरवर निष्क्रिय करून ताईंना दिवसा एक बटण दाबू द्या.

कॉन्सन्ट्रेटरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोडची कळ असते. ती लावल्यास व्होल्टेज १८० च्या खाली उतरताच तो क्षणार्धात बॅटरीवर जातो आणि यंत्राला दणका बसत नाही. मात्र जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास स्थिर नसेल तर तो सारखा बॅटरीवर उड्या मारेल, म्हणून आधी गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग) तपासून घ्या.

सौर पॅनेल चेंजओव्हरच्या मीटरकडील बाजूलाच जोडा. घराकडील बाजूला जोडले तर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर जनरेटरच्या विजेलाच ग्रिड समजून तिच्याशी जुळवून घेऊ शकतो, आणि घरातला भार कमी झाला की उरलेली वीज जनरेटरमध्ये ढकलतो. त्यात अल्टरनेटर आणि इंजिन दोन्ही जातात. मीटरकडील बाजूला असेल तर वीज गेल्यावर सौर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, जे नियमानेही अपेक्षित आहे. तोटा इतकाच की खंडाच्या काळात सूर्याची वीज मिळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सिलिंडर दुसऱ्याच दिवशी आणला आणि ताईंनी तो तीनदा लावून दाखवला. रिले, फेज सिलेक्टर, गिझर आणि एसीचे कॉन्टॅक्टर आणि पंपाचा टायमर ही कामे गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. न्यूट्रलची तार खरोखरच चार चौरस मिलिमीटरची निघाली आणि तिचे डीबीकडील टोक काळे पडलेले होते. ती बदलण्याआधी क्लॅम्प मीटर लावून पाहिले, तर जनरेटरवर न्यूट्रलमध्ये २७ अँपिअर होते. आपण ते लिहिले नसते तर आम्ही तिकडे कधी पाहिलेच नसते.

रविवारी मी स्वतः घरी असताना चाचणी घेतली. जनरेटरवर पंप लागताना व्होल्टेज १९८ पर्यंत उतरून सावरले आणि कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजला नाही. त्यानंतर मीटरजवळचे फ्यूज एकेक करून काढले. लाल काढला, तीन मिनिटांनी इंजिन सुरू झाले. पिवळा काढला, सिलेक्टरने खोली लगेच निळ्यावर नेली आणि मग इंजिन सुरू झाले. निळा काढला तेव्हा मात्र दहा मिनिटे थांबूनही काहीच झाले नाही. रिलेच्या निळ्या फेजच्या टर्मिनलला जाणारी तार दुसऱ्या टोकाला लाल फेजवरूनच घेतलेली सापडली. ती आता योग्य जागी लावली आहे, आणि पुढच्या रविवारी तिन्ही फ्यूज पुन्हा एकेक करून काढून पाहणार आहे.