तीन बिनहुकमी की चार इस्पिक?

प्रश्न
ब्रिजच्या टीम स्पर्धेतील (एकच डाव दोन टेबलांवर खेळला जातो) हा डाव असून दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल (पडल्यास दंड कमी) होत्या. माझी पाने: इस्पिक एक्का, राणी, ८, ४, बदाम राजा, ७, ३, चौकट ७, ४, किलवर एक्का, राजा, गुलाम, ५. एकूण १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), म्हणून मी १ बिनहुकमी (हुकमाविना खेळण्याची बोली) बोललो. भिडूंची पाने: इस्पिक राजा, गुलाम, ७, २, बदाम एक्का, राणी, ६, ४, चौकट ८, ३, किलवर ९, ६, २. त्यांनी थेट ३ बिनहुकमी बोलून बोली संपवली. चौकटीची उतारी आली, प्रतिपक्षाने पहिले पाचही हात ओढले आणि आम्ही एका हाताने पडलो. दोघांचे मिळून २७ पॉइंट असताना चार इस्पिकचे दहा हात करण्यापेक्षा तीन बिनहुकमीचे नऊ हात करणे केव्हाही सोपे आणि चौकट दोघांकडेही दोनच पानांची निघाली हे केवळ दुर्दैव, असे भिडूंचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

पहिला प्रतिसाद
माझ्या मते नाही. भिडूंकडे इस्पिक आणि बदाम दोन्ही चार-चार पानांचे असताना त्यांनी २ किलवर, म्हणजे स्टेमन (इस्पिक किंवा बदाम चार पानांचे आहे का, असे विचारणारी बोली), बोलायला हवे होते. (सॅम स्टेमनने १९४५ साली लेख लिहिल्यामुळे हे नाव पडले; कल्पना मात्र त्याचा भिडू जॉर्ज रापी याची.) आपण २ इस्पिक असे उत्तर दिले असते आणि भिडू ४ इस्पिकवर गेले असते.

आता हात मोजून पाहू. प्रतिपक्षाचे पाच हुकूम ३-२ वाटलेले असतील, तर तीन फेऱ्यांत ते संपतात आणि तुम्हा दोघांकडे एकेक हुकूम उरतो. बदामाचे तीन हात घेऊन चौथे बदाम आपल्या हुकमाने कापायचे. भिडूंचा उरलेला हुकूम वेगळा हात देतोच. म्हणजे हुकमाचे पाच, बदामाचे तीन आणि किलवरचे दोन असे दहा हात झाले, तेही किलवरच्या राणीवर नशीब न आजमावता. ४-४ च्या जुळणीत हुकमाची चार पाने पाच हात देतात. बिनहुकमीत तीच पाने चारच हात देतात, म्हणून ‘नऊ सोपे’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. दुसऱ्या टेबलावर ४ इस्पिक झाले असतील, तर ४२० आणि ५० मिळून ४७० चा फरक, म्हणजे १० आयएमपी (टीम स्पर्धेत दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे गुण) गेले.

दुसरा प्रतिसाद
हिशेब मान्य आहे, परंतु हा नियम आंधळेपणाने वापरू नये. भिडूंची पाने ४-३-३-३ असती, तर कापण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि मी स्वतः स्टेमन न विचारता ३ बिनहुकमी बोललो असतो. मॅचपॉइंट स्पर्धेत (जिथे इतरांपेक्षा थोडे जास्त गुणही महत्त्वाचे ठरतात) तर दोन्हीकडे दहाच हात होत असतील, तर बिनहुकमीचे ४३० हे इस्पिकच्या ४२० ला मागे टाकतात. या डावात मात्र दोघांचीही पाने ४-४-३-२ आहेत, त्यामुळे मी पहिल्या प्रतिसादाच्याच बाजूचा आहे.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. स्टेमनला मी २ बदाम असे उत्तर दिले आणि भिडूंकडे चार पाने फक्त इस्पिकची असली, तर?

पहिला प्रतिसाद देणारे
त्यांनी ३ बिनहुकमी बोलावे. बदाम नको असूनही त्यांनी स्टेमन विचारले, याचा अर्थ त्यांच्याकडे इस्पिकची चार पाने आहेत. त्यामुळे आपल्याकडेही चार इस्पिक असतील तर आपण ४ इस्पिक बोलावे, नसतील तर पास म्हणावे.