एल मोसोते: ‘चकमक’, ‘हत्याकांड’ की ‘नरसंहार’?

प्रश्न: डिसेंबर १९८१ मध्ये, यादवी चालू असताना, मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या सैनिकांनी एल मोसोते गावातील माणसे मारली. या घटनेविषयी मराठीत लिहायचे झाल्यास कत्तल, हत्याकांड, नरसंहार यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? ‘यादवीत नागरिक ठार’ असे म्हटले तर चालेल का?

उत्तर १: मी ‘हत्याकांड’ हा शब्द सुचवेन. मोरासान प्रांतातील या गावात अमेरिकेने प्रशिक्षित केलेल्या अत्लाकात्ल बटालियनचे सैनिक १० डिसेंबरला शिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना वेगवेगळे केले आणि आधी पुरुषांना, मग स्त्रियांना, शेवटी मुलांना ठार मारले. गावातील रुफिना अमाया लपून बसल्याने वाचल्या. त्यांचा पती आणि चार मुले मारली गेली. माणसे कैदेत असताना, ठरवून आणि एकामागून एक केलेल्या अशा हत्यांना मराठीत हत्याकांडच म्हणतात. जालियनवाला बागेमुळे या शब्दात निःशस्त्रांवर चाललेल्या सरकारी बंदुकीचा अर्थही पक्का मुरलेला आहे. ‘कत्तल’ चुकीचा नाही. परंतु पळणाऱ्या फौजेचीही कत्तल होते, त्यामुळे मेलेले निःशस्त्र होते हे त्या शब्दातून आपोआप कळत नाही.

एक शब्द मात्र निक्षून टाळावा, तो म्हणजे ‘चकमक’. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत या हत्यांची बातमी आल्यानंतर, सरकारविरोधी बंडखोर गनिमांच्या ताब्यातील मोसोते आणि हल्ला करणारे सरकारी सैन्य यांच्यात सामना झाला, सैन्याने पद्धतशीरपणे नागरिकांना मारल्याचा पुरावा नाही, अशी साक्ष अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने फेब्रुवारीत काँग्रेससमोर दिली. चकमकीला दोन्ही बाजूंनी शस्त्रे लागतात. १९९२ मध्ये चर्चशेजारच्या एका लहान इमारतीचे उत्खनन झाले तेव्हा किमान १४३ जणांचे अवशेष सापडले आणि त्यांपैकी १३१ जण १२ वर्षांखालील मुले होती. तेथे मिळालेल्या २४५ काडतुसांच्या पुंगळ्यांपैकी एक सोडून सर्व एम-१६ रायफलींच्या होत्या, म्हणजे सैनिकांकडील शस्त्राच्या. एवढे समोर असताना ‘चकमक’ लिहिणे म्हणजे त्या मुलांच्या हाती बंदूक देणे होय.

‘नरसंहार’ हा शब्द मोठ्या प्रमाणावरील हत्येसाठी सैलपणे वापरला जातो, तसाच वंशसंहार या अर्थानेही वापरला जातो, आणि येथे अडचण त्या दुसऱ्या अर्थाची आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहारासाठी एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असावा लागतो. शेजारच्या ग्वाटेमालात माया समाजांविरुद्ध सरकारने तशी कृत्ये केली, असा निष्कर्ष तेथील सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये काढला. एल मोसोतेत मारले गेलेले लोक मात्र वंशामुळे लक्ष्य झाले नव्हते. गनिमांचा वावर असलेल्या मुलखात ते राहत होते. यामुळे गुन्हा तसूभरही लहान होत नाही. गुन्ह्याचे नाव तेवढे वेगळे होते.

उत्तर २: ‘हत्याकांड’ मलाही पटते. प्रश्नातील ‘यादवीत नागरिक ठार’ या वाक्यरचनेविषयी थोडे लिहितो. ‘यादवी’ या शब्दामागे एकमेकांवर मुसळे उगारून संपलेले यादव उभे आहेत. तेथे मरणारा स्वतः मारणाराही होता. बारा वर्षांच्या त्या संपूर्ण युद्धाला यादवी म्हणण्यास हरकत नाही, पण ‘यादवीत ठार’ म्हटले की तीच परस्परता या गावकऱ्यांवरही लादली जाते. ‘यादवीच्या काळात’ असे लिहिणे बरे. ‘नागरिक’ या शब्दातही संदिग्धता आहे, कारण देशातल्या देशात चाललेल्या युद्धात सैनिकही त्याच देशाचा नागरिक असतो. ‘निःशस्त्र ग्रामस्थ’ म्हटल्याने ही संदिग्धता राहत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘ठार झाले’, ‘बळी गेले’, ‘मृत्युमुखी पडले’ या साऱ्या रचनांत मारणारा दिसत नाही. एल मोसोतेच्या बाबतीत तो ठाऊक आहे, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ च्या अहवालात अत्लाकात्ल बटालियनचे नाव स्पष्टपणे घेतले आहे. तेव्हा वाक्य असे असावे: ‘एल साल्वादोरमधील यादवीच्या काळात, डिसेंबर १९८१ मध्ये, सरकारी सैन्याच्या अत्लाकात्ल बटालियनने एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांतील शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांना ठार मारले.’