शब्दचर्चा: ‘पुराणमतवादी डेमोक्रॅट’ म्हणावं का?

मीरा_अनुवाद
दिवाळी अंकासाठी अमेरिकी राजकारणावरचा एक लेख मराठीत करतेय. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेमोक्रॅट’ला सरसकट ‘पुराणमतवादी डेमोक्रॅट’ लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, डावीकडे झुकलेल्या पक्षात पुराणमतवादी काय करतायत? लेखाचा विषयही नेमका तोच आहे: हे सदस्य अजून पक्षात बसतात का? शिवाय ‘डिनो’ (नावापुरता डेमोक्रॅट, ही टवाळी), ‘ब्लू डॉग’, ‘बोल वीव्हिल’ अशी या डेमोक्रॅटांच्या गटांना पडलेली जनावरांची नावं आहेत. सुचवा.

तळेगावकर
‘पुराणमतवादी’ ही शिवी नसली तरी शिवीच्या शेजारीच राहते. ऐकलं की सोवळं आणि शेंडी डोळ्यांपुढे येते. ब्लू डॉगांचा मुख्य हट्ट तिजोरीचा: तूट कमी करा, कर्ज वाढवू नका. यात पुराण कुठलं? त्यांना ‘खर्चाला हात आखडणारे’ म्हणा.

याउलट लुइझियानाचे माजी गव्हर्नर, डेमोक्रॅट जॉन बेल एडवर्ड्स पाहा. जानेवारी २०१६मध्ये सूत्रं हाती घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवण्याचा आदेश काढला. त्याच माणसाने २०१९मध्ये, गर्भाच्या हृदयाचे ठोके लागल्यापुढे गर्भपाताला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. ‘पुराणमतवादी’ इथे चालेल, पण फक्त दुसऱ्या सहीपुरतं.

आपल्याकडे जहाल-मवाळ ही जोडी वेगळी आणि सुधारक-सनातनी वेगळी. टिळक राजकारणात जहाल, पण १८९५च्या पुण्याच्या काँग्रेस मंडपात सामाजिक परिषद भरवायला त्यांच्या पक्षाचा कडाडून विरोध. रानडे नेमके उलट. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही ओझी लादलीत. मराठीत ती सोडवता येतात, तर सोडवा.

न्यूजर्सीकर
माझा आक्षेप ‘नावापुरता’ला. नाव आधी कुणाचं होतं? दक्षिणेत कित्येक दशकं डेमोक्रॅट म्हणजेच प्रस्थापित, आणि त्यातले बरेच वंशभेदाचे राखणदार. १९४८मध्ये पक्षाने नागरी हक्कांचा ठराव घेतला म्हणून साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड वेगळी चूल मांडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि चार राज्यं जिंकली. हे ‘डिक्सीक्रॅट’. तरी थर्मंड रिपब्लिकन झाले ते १९६४मध्ये, नागरी हक्क कायदा झाल्यावर. म्हणजे हे लोक डावीकडच्या पक्षात घुसले नव्हते, पक्ष त्यांच्या भोवती डावीकडे सरकला. महाराष्ट्रात नंतर आलेल्याला ‘उपरा’ म्हणतात आणि जुन्याला ‘निष्ठावंत’. त्या हिशेबाने उपरे कोण, ते तुम्हीच ठरवा! (त्यांचा वंशभेद मला मान्य आहे असा अर्थ कुणी काढू नये, आधीच सांगतो.)

तळेगावकर
हे १९६४पर्यंत ठीक. आजचा ब्लू डॉग त्या माणसाचा वारस नाही. त्याला डिक्सीक्रॅटच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं आहे.

वऱ्हाडी_माणूस
बोल वीव्हिलला कुणी ‘बोंडअळी’ लिहाल तर आमच्याकडचे कास्तकार हसतील. बोंडअळी ही पतंगाची अळी. बोल वीव्हिल म्हणजे लांब सोंडेचा भुंगा, बोंडात आणि पात्यात घुसून आतून खातो. तो अमेरिकेचा, आपल्या कपाशीवर नाही. म्हणून सरळ ‘बोंड पोखरणारा भुंगा’ लिहा. नाव का पडलं तेही त्यात येतं: दक्षिणेचा माणूस आणि घर आतून पोखरणारा. १९८१मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगनच्या करकपातीला साथ देणारे डेमोक्रॅट ते हे. टेक्ससचे प्रतिनिधी फिल ग्रॅम त्यांतलेच. पक्षाने त्यांना १९८३च्या सुरुवातीला अर्थसंकल्प समितीतून काढलं. त्यांनी राजीनामा दिला आणि रिपब्लिकन म्हणून त्याच जागेवर पोटनिवडणूक जिंकली. मानलं पाहिजे बुवा. पक्ष बदलला, पण मतदारांना विचारून.

मीरा_अनुवाद
भुंगा पक्का. पण मूळ प्रश्न उरतोच, ‘हे सदस्य अजून पक्षात बसतात का’. त्यांना पक्ष काढून का टाकत नाही?

न्यूजर्सीकर
कारण काढायला आपल्यासारखी सोय नाही. ‘सदस्य’ आणि ‘हकालपट्टी’ हे दोन्ही शब्द लेखातून काढा, मराठी वाचकाला त्यातून पक्षादेश आणि आपला १९८५चा पक्षांतरबंदी कायदा आठवेल. समितीतून काढता येतं, ग्रॅमना काढलंच. पण मार्च २०१०मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याविरुद्ध ३४ डेमोक्रॅट प्रतिनिधींनी मत दिलं आणि पक्षाने कुणाची खुर्ची काढून घेतली नाही. पुढे हिशेब होतो तो पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. त्या ३४ जणांतले शिकागोचे डॅन लिपिन्स्की, गर्भपातविरोधी, २०२०मध्ये आपल्याच पक्षाच्या मतदारांकडून हरले. तिथे बसत नव्हते, मान्य. शिकागोला डेमोक्रॅट दुसरा मिळतो.

वेस्ट व्हर्जिनियात मिळत नाही. तिथले सिनेटर जो मॅन्चिन यांनी बायडनची मोठी खर्चाची योजना २०२१मध्ये अडवली, तेव्हा ‘घरभेदी’पासून सगळं म्हणून झालं. पण २०२२चा हवामानाचा कायदा सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने झाला, त्या ५१ मध्ये त्यांचं मत होतं. २०२४मध्ये त्यांनी डेमोक्रॅट हे नाव सोडलं, निवडणूकही लढवली नाही. जागा रिपब्लिकन जिम जस्टिस यांना गेली, जे २०१६मध्ये डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नर झाले आणि वर्षभरात पलटले. ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द जस्टिसना लावा. मॅन्चिनना ‘घरचा आहेर देणारा’ म्हणा. माझं मत विचाराल तर, ज्याच्या मतावाचून कायदा होत नाही तो पक्षात बसतोच, मग बाकीच्यांना कितीही टोचो.

तळेगावकर
‘ब्लू डॉग’चं भाषांतर मात्र करू नका. ‘निळा’ म्हटलं की आपल्याकडे आंबेडकरी झेंडा समोर येतो, आणि ‘कुत्रा’ म्हटलं की पुढचं काही वाचलंच जात नाही. तिथे ते कौतुकाचं: तिकिटावर पिवळा कुत्रा उभा केला तरी मत देईन म्हणणारा कट्टर डेमोक्रॅट तो ‘यलो डॉग’, त्यावरून हा ‘ब्लू डॉग’. १९९५मध्ये गट झाला तेव्हा गमतीत सांगायचे, दोन्ही टोकांनी गळा आवळल्यामुळे आम्ही निळे पडलो. लुइझियानाच्या टॉझिन आणि हेज या दोन प्रतिनिधींच्या कार्यालयांत बैठका व्हायच्या, तिथल्या निळ्या कुत्र्याच्या चित्रांचाही त्यात हात. ते दोघंही त्याच वर्षी रिपब्लिकन झाले, ही तळटीप लेखात जरूर घ्या. आणि अनेकवचनी ‘डॉग्ज’ नको, ‘ब्लू डॉग’ पुरे.