शाळेत रोबोटिक्स किट आलंय, पण दोन लॅपटॉपवर अख्खा वर्ग कसा शिकवायचा?

झेडपी_गुरुजी:
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवतो. यंदा एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) किट मिळालं, आर्डुइनो ऊनो बोर्ड (ज्यात प्रोग्राम टाकतात तो छोटा कंट्रोलर), बीओ मोटर (गिअरवाली छोटी मोटर), चाकं, मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर आणि आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असं सगळं आहे त्यात. एक दिवस ट्रेनिंग झालं, पोरांनी पुस्तिकेत बघून गाडी जोडली, कोड ट्रेनरनेच टाकला, गाडी पळाली, फोटो निघाले आणि किट कपाटात गेलं. आता पोरं रोज विचारतात, सर गाडी कधी काढायची? वर्गात चाळीसेक पोरं, लॅपटॉप दोन, नेट माझ्या मोबाइलचं. मला प्रदर्शनात गाडी पळवून दाखवायची नाहीये, पोरांनी स्वतः प्रोग्राम लिहावा असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू? आणि अजून एक, गाडी आता जरा चालते, मग बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, मोटर काढून ठेवली की बोर्ड नीट चालतो. हे काय असावं? मुख्याध्यापकांना मूल्यमापनाची नोंद पण हवीये.

टिंकरिंग_ताई:
सर, पहिले काही तास लॅपटॉपला हात लावू नका. शाळेच्या पटांगणात खडूने चौकोन आखा, एका पोराला रोबो करा, बाकीच्यांनी चिठ्ठ्यांवर हुकूम लिहायचे: एक चौकोन पुढे, उजवीकडे वळ, समोर दप्तर असेल तर डावीकडे वळ. रोबोने स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, चिठ्ठीत असेल तेवढंच करायचं. तो दप्तराला जाऊन धडकतो तेव्हा सगळे ओरडतात, आणि मग कुठली चिठ्ठी चुकली यावर जे भांडण होतं ना तेच प्रोग्रामिंग. ही काही आजची युक्ती नाही, १९६७ साली मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा आली, तिच्यात हुकूम देऊन फिरवायच्या कासवाला कसं फिरवायचं ते कळत नसेल तर ती बनवणाऱ्यांपैकी एक, सीमोर पेपर्ट, मुलांना स्वतः कासव होऊन चालून बघा म्हणायचे.

त्यानंतर स्क्रॅच घ्या (हुकुमांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर), ते ऑफलाइन इन्स्टॉल होतं त्यामुळे नेटची अडचण नाही. एका लॅपटॉपवर चार जणांचा गट, बाकीचे तोवर वहीत कागदावर प्रोग्राम लिहितील. पण माउस कोणाच्या हातात आहे इकडे लक्ष ठेवा हं, दर दहा मिनिटांनी बदला. नाहीतर एकच पोरगा सगळं चालवतो आणि मुलींकडे वही येते, माझ्या लॅबमध्ये हे सतत दिसतं आणि मला ते अजिबात चालत नाही.

सोल्डरिंग_दादा:
गाडीचं सांगतो. किटमध्ये ती चौकोनी नऊ व्होल्टची छोटी बॅटरी आहे का? असेल तर तीच गडबड. मोटर सुरू होताना चालू असतानापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्या बॅटरीत तेवढा दम नसतो, व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि आर्डुइनो रीसेट होतो. वरून एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे गोल सेल) सिरीजमध्ये होल्डरसकट घ्या, मात्र त्यांचं चार्जिंग तुम्ही समोर असतानाच करा आणि शॉर्ट होऊ देऊ नका, लिथियम आहे ते. बॅटरीचं मायनस आणि बोर्डचा ग्राउंड (जीएनडी लिहिलेली पिन) जोडलेला आहे ना तेही बघा. आणि लॅपटॉपला बोर्ड दिसलाच नाही तर आधी लॅपटॉपमध्ये सीएच३४० ड्रायव्हर हे सॉफ्टवेअर टाका, स्वस्तातल्या बहुतेक बोर्डांना तो लागतो.

हे तुम्ही रात्री घरी दुरुस्त करून नेऊ नका सर. मल्टिमीटर पोरांच्या हातात द्या, मोटर सुरू होताना काटा किंवा आकडा कसा खाली येतो ते त्यांना दिसू दे.

टिंकरिंग_ताई:
दादांशी सहमत. आणि काळ्या पट्टीवर चालणारी गाडी करणार असाल तर वर्गात करा, व्हरांड्यात ऊन आलं की आयआर सेन्सर गोंधळतो, उन्हातही इन्फ्रारेड असतंच. ट्रॅकला जुना फ्लेक्स उलटा करून त्याच्या पांढऱ्या बाजूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा.

पण खरं सांगू का, गाडीपेक्षा अल्ट्रासॉनिक आधी घ्या. बादलीच्या वर आडवी पट्टी टाकून सेन्सर खाली तोंड करून बांधा, पाणी ओतत जा आणि लॅपटॉपवर सीरियल मॉनिटरमध्ये (बोर्डने पाठवलेले आकडे दिसतात त्या खिडकीत) अंतर कमी होताना बघा. आवाज जाऊन यायला लागलेल्या मायक्रोसेकंदातल्या वेळेला ०.०३४ ने (आवाज एका मायक्रोसेकंदात तेवढे सेंटिमीटर जातो) गुणून दोनने भागायचं, की सेंटिमीटर येतात. दोनने का, तर आवाज जाऊन परत येतो, आठवीच्या पोरांना हे विचाराच, प्रतिध्वनी पाठ करण्यापेक्षा हे पक्कं बसतं. मग पाणी ठरावीक उंचीला आलं की बझर. ज्यांच्या घरी टाकी भरून वाहते ती पोरं यात जीव ओततात. फक्त २ सेंटिमीटरपेक्षा जवळचं सेन्सरला कळत नाही, जागा ठेवा.

नोंदीसाठी प्रत्येक गटाला वही द्या: काय व्हायला हवं होतं, काय झालं, आम्ही काय बदललं. वर्णनात्मक नोंदी त्यातूनच निघतील, गाडी पळाली की नाही यावर मार्क देऊ नका.

झेडपी_गुरुजी:
बॅटरी नऊ व्होल्टचीच आहे दादा! उद्या पोरांनाच मल्टिमीटर लावून बघायला सांगतो. पटांगणातला खेळ शनिवारी घेतो, दप्तरं नसतात त्या दिवशी, आडवं ठेवायला विटा घेईन. ताई, वहीचं एक पान भरलेलं असेल तर फोटो टाकाल का?

टिंकरिंग_ताई:
टाकते सर, मुलांची नावं झाकून. संध्याकाळी.