मदत हवी आहे: चारीच्या टेलला पाणी पोचत नाही, बंद पडलेली पाणीवापर संस्था कशी उभी करावी?

रामराम मंडळी,

आमची शेती परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून सुटलेलं पाणी संभाजीनगर, जालना करत आमच्याकडे येतं. म्हणजे आम्ही आधीच कालव्याच्या शेपटाकडचे, आणि त्यात आमचं रान चारीच्या (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या) टेलला, म्हणजे अगदी शेवटी.

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला की गावात पेढे वाटतात. आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची, तारीख पेपरात येते. पण हरभरा फुलात असतो तेव्हा आमच्या चारीत नुसती ओल. वरच्या अंगाला ऊस उभा, चारीतच मोटारी टाकलेल्या. पाळी संपत आली की "आता तुमच्याकडंच येतंय" असा निरोप येतो, आणि दुसऱ्या दिवशी कालवा बंद.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र. २०१६ मध्ये हायकोर्टानंही समन्यायी वाटप मान्य केलं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला आणि पाणी सुटायला उशीर होऊ लागला, तेव्हा आमच्याकडची माणसंही आंदोलनाला गेली होती. टंचाई सगळ्यांनी सारखी सोसायची, हे आम्ही वरच्या जिल्ह्यांना ठणकावून सांगतो. आणि आमच्याच चारीवर वरचा खालच्याला विचारत नाही! हे गावात बोललं की "लई कायदा शिकलास" म्हणतात.

चारीवर पाणीवापर संस्था (शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घ्यायची संस्था) आहे, म्हणजे तिची नुसती पाटी आहे. शिक्का कुणाच्या तरी कपाटात, निवडणूक कधी झाली ते कुणाला सांगता येत नाही. टेलची पंधरा-वीस घरं एकत्र यायला तयार आहेत. संस्था पुन्हा चालू करायला सुरुवात कुठून करायची? वरच्या लोकांनी त्यात का यावं? आणि चारीत पाणी किती आलं हे आमचं आम्हाला मोजता येईल का?

"ठिबक करा" एवढं मात्र सांगू नका. ठिबकलाही आधी पाणी लागतं.

प्रतिसाद: जुना पाटकरी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करा, बाकीचं त्यातून सुटत जातं. मोजल्याशिवाय भांडलात तर "सोडलं होतं" आणि "आलं नाही" यातच हंगाम जाईल.

चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक बांधलेला असायला हवा. असेल तर गाळ काढा, पट्टी पुसली असेल तर नवी रंगवून घ्या. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यात क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) बघायचे, एवढंच काम आहे. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, वरच्या एका शेतकऱ्याची सही घ्या. एक क्युसेक पाणी २४ तास वाहिलं तर साधारण २,४५० घनमीटर होतं. तीन इंचांची पाळी धरली तर त्यात आठ एकर भिजतं, तेही वाटेत काही मुरलं नाही तर. हा हिशेब तोंडपाठ असला की चारीत तीन क्युसेक असताना टेलला थेंब का नाही, हे बैठकीत विचारता येतं. नुसतं "पाणी येत नाही" म्हणणाऱ्याला सगळे मान डोलावून वाटेला लावतात.

आता कायदा. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात संचालक मंडळावर माथा, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना सारख्या जागा आहेत. पाणी एकेकट्याच्या नमुना सातवर (पाणी मागणीच्या अर्जावर) नाही, घनमापनानं संस्थेला मिळतं. कोट्यात कोणतं पीक घ्यायचं ते संस्थेनं ठरवायचं. पाटबंधारे शाखेत लेखी अर्ज देऊन करारनाम्याची प्रत, मंजूर कोटा आणि चारी संस्थेकडे सोपवतानाच्या संयुक्त पाहणीचे कागद मागा. तोंडी मागू नका, पोच घ्या. निवडणुकीची मागणी त्याच अर्जात करा. टेलच्या जागा रिकाम्या आहेत हे कागदावर आलं की पुढचं सोपं जातं.

प्रतिसाद: ओझरकर

आमच्याकडच्या, नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाचं उदाहरण बघा. १९९१ च्या आसपास ओझरला बाणगंगा, जय योगेश्वर आणि महात्मा फुले या पहिल्या तीन संस्था झाल्या, आणि त्या टेलच्याच. माथ्याच्या लोकांना तेव्हा कशाला गरज वाटेल? समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलकडूनच काम उभं केलं. पुढे चोवीस संस्था होऊन सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला.

पाणी द्यायचं ते टेलकडून माथ्याकडे. शेवटच्याचं भिजल्याशिवाय वरच्यानं दार उघडायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या हंगामात रात्री चारीवर माणूस बसवावाच लागतो. नाल्यांवर बंधारे घालून विहिरींना पाणी मुरवलं, त्याचाही मोठा आधार झाला. पंधरा-वीस घरं पुरेत सुरुवातीला.

प्रतिसाद: ऊसवाला

मी दुसऱ्या एका कालव्यावर माथ्याला आहे, मला शिव्या पडणार हे माहीत आहे. तरी सांगतो. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो म्हणून हाताशी आलेलं पाणी माणूस गरजेपेक्षा जास्त ओढतो. आम्हाला पाळीपत्रक आधी मिळालं आणि एक हंगाम ते पाळलं गेलं, तर अर्ध्या मोटारी आपोआप निघतील. उरलेल्या अर्ध्यांसाठी तुमची वही आहेच. बैठकीला आम्हाला बोलवा, पण टेलच्या देवळात नको, चारीच्या मधोमध कुठंतरी घ्या. तिकडं आलं की आरोपी म्हणून उभं केल्यासारखं वाटतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, ऊसवाल्यांचे जरा जास्तच. वरच्या दोघातिघांशी बोलणार आहे, बैठक मधल्या शाळेत घेऊ.

पाटकरी काका, प्रवाहमापक आहे पण एका बाजूचं बांधकाम ढासळलंय. तशा स्थितीत पट्टीवरचं वाचन धरावं का?

प्रतिसाद: जुना पाटकरी

धरू नका. बाजूनं पाणी निघत असेल तर तक्ता लागू होत नाही आणि समोरचा पहिल्याच बैठकीत तुमची वही खोडून काढेल. दुरुस्तीचा अर्ज फोटोसकट आजच द्या, आवर्तन सुटल्यावर कुणी हात लावणार नाही. तोवर चारीचा सरळ, एकसारख्या रुंदीचा तुकडा बघून अंदाज घ्या. वीस मीटर मोजा, संत्रं पाण्यात सोडा, किती सेकंदांत पोचतं ते चार वेळा बघून सरासरी काढा. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्या वेगाच्या ८५ टक्के धरायचे. त्याला रुंदी आणि खोलीनं गुणलं की सेकंदाला किती घनमीटर ते कळतं, आणि त्याला ३५.३ नं गुणलं की क्युसेक. वहीत "अंदाजे" असा शब्द स्पष्ट लिहा.