लाकडी नाट्यगृह पर्यावरणपूरक ठरते ते लाकडामुळे की सांध्यांमुळे?

मूळ मांडणी
उत्तर फ्रान्समधील आर्डेलो येथे, जुन्या गढीच्या आवारात, वास्तुकार अँड्र्यू टॉड यांनी २०१६ मध्ये उभारलेल्या एलिझाबेथकालीन धाटणीच्या ३८८ आसनी नाट्यगृहाचे कौतुक सर्वत्र होते. गोल प्रेक्षागार, बाहेरून उभ्या बांबूंचा पडदा, नैसर्गिक वायुवीजन हे सारे मला मान्य आहे. आक्षेप आहे तो क्रॉस-लॅमिनेटेड तक्त्यांना, म्हणजे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या जाड लाकडाला. ज्या परंपरेचे नाव घेतले जाते, तिची थोरवी गोलाकारात नव्हती. भाडेपट्ट्याच्या वादातून लंडनच्या शोरडिचमधील १५७६ चे ‘द थिएटर’ १५९८ च्या डिसेंबरात उतरवले गेले आणि त्याच ओकच्या तुळया थेम्सपलीकडे नेऊन १५९९ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचे ‘ग्लोब’ उभे राहिले. खुंट्यांचे सांधे ठोकून सोडवता येत होते, म्हणूनच हे साधले. चिकटवलेल्या फळ्या पुन्हा सुट्या कशा करणार?

प्रतिसाद १
फळ्या सुट्या करण्याची गरजच काय? तक्ते एकमेकांना सहसा स्क्रूने जोडलेले असतात. ते अख्खेच्या अख्खे उतरवता येतात. शिवाय १५९८ मधला तो खटाटोप निसर्गप्रेमापोटी नव्हे, अडचणीपोटी झाला होता. लंडनमध्ये १९९७ साली पुन्हा उभारलेल्या ग्लोबमध्ये ओल्या ओकचा सांगाडा खुंट्यांनी जोडला आहे. तो देखणा आहे, पण असा ओक तयार व्हायला शतकभर लागते, तक्त्यांसाठीचा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष मात्र त्याहून कितीतरी लवकर तोडणीला येतो.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही आगीबद्दल बोलत नाही, याचे नवल वाटते. १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेच्या ठिणगीने ग्लोबचे गवताने शाकारलेले छप्पर पेटले आणि नाट्यगृह भस्मसात झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या माणसाला लाकडी प्रेक्षागाराची भुरळ पडणे कठीण आहे.

मूळ मांडणीकाराचे उत्तर
आगीच्या मुद्द्यावर मला माझ्याच विरोधात बोलावे लागेल. जाड लाकूड बाहेरून मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर कोळसत जाते आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला झाकतो. हा हिशेब आधीच धरून तक्त्यांची जाडी ठरवता येते. १६१३ मध्ये आग पहिल्यांदा धरली ती गवताने. स्क्रूचा मुद्दाही मान्य, परंतु वक्र भिंतीसाठी मापून कापलेला तक्ता दुसऱ्या इमारतीत बसवायचा कुठे? तुळई कुठेही चालते.